सुकाच्या काळजाची सूज

८ ऑक्टोबर १९८६, पालघर
सुकाला आणलं. माझा सख्खा भाऊ, आणि दवाखान्याच्या दारात मला ओळखू आला नाही — तोंड इतकं सुजलेलं. उमरोळीपर्यंत डोलीतून, पुढे टेम्पोत. पारूवहिनी सोबत. ताप आहे. अंगाला हात लावू देत नाही. आज मी नर्स नव्हते, नुसती बहीण.

९ ऑक्टोबर
दम लागतो, आडवं होता येत नाही. कार्डिओग्राम बिघडलेला. डॉक्टर विजयाबाईंनी पारूला विचारलं, एवढ्यात काही वेगळं खाल्लं का? शिकारीला बंदी, म्हणून तिने आधी माझ्याकडे बघितलं. मग म्हणाली, "डुकर मारला व्हता. भातात शिरलेला." बाकीच्यांनी शिजवून खाल्लं. सुकाने मारलं, म्हणून पहिला तुकडा त्याचा — जाळावर धरला न धरला, आतून लाल असतानाच खाल्ला.

१० ऑक्टोबर
पोटरीतून मांसाचा बारीकसा तुकडा काढला. विजयाबाईंनी मला सूक्ष्मदर्शकातून बघायला लावलं. मांसाच्या धाग्यांत एक जंत. वेटोळं करून निजलेला. बघता बघता हलला — जिवंत! किळस यायला हवी होती. आली नाही. रानातल्या डुकरातून माझ्या भावात येऊन हा असा घर करून बसलाय, आणि किती नेटका!
बाई म्हणाल्या, आतड्यात यांची पिल्लं होतात, रक्तातून अंगभर पसरतात. हृदयात मात्र त्यांना घर करता येत नाही. नुसती शिरतात, पण तेवढ्याने हृदयाचं मांस सुजतं. माणूस जातो तो त्या सुजेने.
जे तिथे राहतही नाहीत, त्यांनी एवढं करावं!

११ ऑक्टोबर
जंताच्या गोळ्या, सुजेवरचं औषध सुरू. नाडी अडखळते.

१३ ऑक्टोबर
बाई म्हणाल्या, तुझ्या माणसांना बोलावून घे.
पाडाच्या पाडा आला. बाहेर चिंचेखाली बसलेत, पारूही त्यांच्यात. इंदुबाई मेट्रननी हाकललं नाही, उलट पाण्याचा हंडा ठेवला. मी सुकाच्या छातीला कान लावून बसले, गळ्यात स्टेथॉस्कोप असून. थांबतंय वाटायचं — आणि पुन्हा ठोका. कोण चालवतं हे?

१४ ऑक्टोबर
तसाच.

१६ ऑक्टोबर
सकाळी सुका कुणाला न विचारता उठला. गज धरून खिडकीशी उभा राहिला. चिंचेखालच्या माणसांकडे बघत म्हणाला, "इथं काय बसलाव? घरा जा. शेतात पिकला भात गळत असंल."
पारू पहिली उठली.