देव्हाऱ्याची उंची

अण्णा,

१. मंगळवारी सकाळी रेग्युलेटरजवळ गॅसची नळी चिरली.
२. आईला सर्दी होती. तिला वास आला नाही.
३. मी बसवलेला गॅस-अलार्म वाजला. खालच्यांच्या फोडणीने वाजतोय असं समजून तिने प्लग काढला.
४. मी आंघोळ करून बाहेर आले, तेव्हा ती देव्हाऱ्यासमोर बसलेली होती. हातात काडेपेटी.

पुढचं असं क्रमांक घालून लिहिता येत नाही. मी काडेपेटी हिसकावली, सिलिंडर बंद केला, खिडक्या उघडल्या आणि तिला दंडाला धरून जिन्यात आणलं. ती म्हणाली, "अगं, दिवा राहिला!"

ओट्याखालच्या कोनाड्यात देव्हारा तुम्ही बसवलात, आईला मांडी घालून पूजा करता यावी म्हणून. मी फळी धरली होती आणि ती तिरकी धरली म्हणून तुमच्या कानडी वळणाच्या मराठीत बोलणी खाल्ली होती. "स्वल्प लक्ष दे, देव घसरतील." आता मी हेच अलार्म तपासण्याची नोकरी करते. सिलिंडरचा गॅस हवेपेक्षा जड. तो जमिनीलगत साठतो, म्हणून अलार्म वीतभर उंचीवर लावतात. आपलं निरांजन त्याच उंचीवर जळतं.

"अलार्म चालू राहील आणि देव्हारा बाहेरच्या खोलीत जाईल," मी म्हटलं.

"सरकारने सांगितलंय का? तुझ्या अण्णांनी हेल्मेटसुद्धा सक्ती झाल्यावरच घेतलं."

मी दोन दिवस नियम वाचले. नळी कशी असावी, सिलिंडर कसा ठेवावा, सगळं आहे. घरात अलार्म लावाच, असं सांगणारं कलम मला सापडलं नाही. तसं मी तिला सांगितलं.

"सरी, बरं. मग देव्हारा ज्यांनी बसवला त्यांना विचार. ते हो म्हणाले तर हलवते."

ती हे हसत म्हणाली, पण हलवणार नाही. सोमवारी मी कामासाठी दोन महिने चेन्नईला चालले आहे. ती इथे एकटी असेल, रोज सकाळी त्या कोनाड्यासमोर.

अण्णा स्वप्नात येऊन हो म्हणाले, असं सांगितलं तर ती लगेच ऐकेल. वाक्यही ठरवलं होतं. काल दार लावून ते तुमच्यासारखं म्हणून पाहिलं. तुमचा आवाज मला आठवला नाही.

रविवारी संध्याकाळपर्यंत कळवा.