झेलणारं कुणी नाही

३ मार्च
आज कारखान्यात रुजू झाले! ताई इथल्या ऑफिसात आहे. साहेबांचा पिच्छा पुरवून तिनेच मला कामाला लावलं. माझी खोली वरच्या मजल्यावर. काचेतून खाली पत्रा दाबणारा मोठा प्रेस दिसतो. तो चालवणारा इतका उंच की सगळे त्याला लंबूच म्हणतात. दिवसाचं काम मी फोरमनला सांगायचं, फोरमनने लंबूला. शिवाय प्रेसच्या प्रोग्रॅममधली नोंदी ठेवणारी लायब्ररी, म्हणजे कोडचा तेवढा तुकडा, माझ्याकडे. प्रेस खाली आला, नोंद. वर गेला, नोंद. नोंद लिहितानाच चूक झाली, तर लायब्ररी ती मुकाट गिळते. कारकुनाला शिंक आली म्हणून कारखाना थांबायला नको ना! ताई म्हणाली, आईपुढे आपले बाबा हेच करायचे. दोघी पोट दुखेपर्यंत हसलो.

६ मार्च
नोंदींत मधेमधे खाडे आहेत. नेमक्या त्या-त्या दिवशी कुणाचा तरी हात प्रेसखाली गेलाय. फोरमनला विचारलं तर म्हणाला, मॅडम, गिळलंय ते पोटातच राहू द्या. माझं डोकंच फिरलं. माणसांची बोटं तुटतात आणि नोंद नाही?

९ मार्च
चूक गिळणारी ओळ काढून टाकली. आता चूक वर फेकली जाईल. काम करणाऱ्याने ती झेलली नाही, तर ज्याने त्याला काम सांगितलं त्याच्याकडे जाईल, मग त्याच्याही वरच्याकडे. कुणीतरी झेलेपर्यंत. झेलणारं अजून कुणी नेमलेलं नाही. ते उद्या बघू.

१० मार्च, सकाळ
नोंद फसली. प्रेस थांबला. वीजसुद्धा काढली होती. लंबू अडकलेला पत्रा ओढायला आत वाकला आणि वीज नसलेला प्रेस खाली आला. पुन्हा आला. पुन्हा. ओरडणं थांबलं तरी येतच होता. लंबू गेला. माझ्या पडद्यावर एकच ओळ: झेललं नाही, वर पाठवत आहे.

दुपार
फोरमन. प्रेसपासून लांब, जिन्यापाशी उभा होता. वरून काहीच पडलं नाही, तरी — डोकं, छाती, सगळं पत्र्याएवढं पातळ. रक्त भिंतीवर छतापर्यंत. चष्मा तेवढा शाबूत.
पुन्हा तीच ओळ.
फोरमनला काम सांगणारी मी.

लगेच
जुनी ओळ परत घालतेय. प्रोग्रॅम घेत नाही. जिन्यावर जड काहीतरी — एकेक पायरी चिरडत — मागच्या दाराने पळता येईल. पण पळाले म्हणजे झेललं नाही. मग वर. मला कामाला लावलं ते —
ताईने.

मागच्या दारावर ताईच धडका देतेय. रडतेय, चल म्हणतेय. मी कडी काढली नाही. ताई, तू जा गं. तुझा काही दोष नाही. मला फार भीती वाटतेय.

झेलणाऱ्याच्या जागी माझं नाव घातलं. घेतलं.

निदान ही नोंद राहू दे. पुढचं दार आत वाकलंय — डावा हात पुढे केलाय, उजव्याने लिहि