एक जूनची क्षिप्रा

२ सप्टेंबर, मंगळवार

क्षिप्रा शेवटच्या दोघांत आली! माझ्या मुलाने, निशिकांतने, सकाळी दात घासता घासता सांगितलं. सहा जण उभे होते, चार गळले. आता तिच्या पक्षाचे सभासद मतं देणार, वीस तारखेला निकाल. जिंकली तर माझी मुलगी इंग्लंडातल्या एका मोठ्या पक्षाची पुढारी. त्याच्या पुढचं लिहीत नाही. लिहिलं की दृष्ट लागते.

मी सातवी पास. पिंपरीच्या कारखान्यात एकतीस वर्षं फिटर. साहेब समोर आला की मला घाम फुटायचा. आणि ही पार्लमेंटात उभी राहते तर समोरचे साहेब घाम पुसतात.

बीपी वाढलं असणार. गोळी घेतली. डबीत बघून खात्री केली – दोनदा.

३ सप्टेंबर, बुधवार

जाईला, म्हणजे निशिकांतच्या मुलीला, शाळेत कोणी विचारलं की तुझी आत्या राइट-विंग आहे का. तिने मला विचारलं. मी निशिकांतला विचारलं, उजवं म्हणजे काय रे? तो म्हणाला, कर कमी, सीमा कडक आणि ज्याने त्याने आपलं आपण बघायचं. मी म्हटलं, मग माझी आईसुद्धा उजवीच होती.

क्षिप्राचं सगळं मला पाठ आहे. तेविसाव्या वर्षी नोकरीला गेली तिकडे. उत्तरेच्या एका लहान गावात राहिली. गावच्या दुकानांसमोर गाड्या लावायला कौन्सिलने बंदी केली म्हणून भांडायला गेली, ती नगरसेवक होऊनच बाहेर आली. पार्लमेंटला पहिल्यांदा तीनशे बारा मतांनी पडली. तेव्हा अरुणा होती. ती म्हणाली, परत ये आता. क्षिप्रा म्हणाली, आई, तीनशे बारा घरं राहिली, तेवढी हिंडते. हिंडली. पुढच्या खेपेला आली निवडून. मंत्री झाली. दोन वर्षांनी राजीनामा दिला – सरकार सीमेबाबत मऊ आहे म्हणून. खुर्ची सोडली! आपल्याकडे कोण सोडतं?

तिच्या प्रत्येक भाषणात मी असतो. "माझे वडील फिटर होते. त्यांनी आयुष्यात कधी रांग मोडली नाही." लोक टाळ्या वाजवतात. हे वाक्य आलं की जाई टॅबलेटचा आवाज मोठा करते.

४ सप्टेंबर, गुरुवार

खाली कॉफीला चंद्रशेखर भेटले. बँकेतून रिटायर, आता इथले, सिंगापूरचे, नागरिक, म्हणून जरा जोरात बोलतात. म्हणाले, "तुमची लेक मोठी हुशार. स्वतः आत गेली आणि आतून कडी घातली." त्यांच्या पुतण्याचा तिकडचा व्हिसा नाकारला गेलाय, त्याचा राग. मी म्हटलं, दार उघडं टाकून इथे चोआ चू कांगमध्ये तरी तुम्ही झोपता का? त्यावर हसले. कॉफीचे पैसे त्यांनीच दिले.

मला मात्र दिवसभर लागून राहिलं. क्षिप्राचं नवं भाषण ऐकलं. होड्यांतून मुलं येतात, वय कमी सांगतात, लहान म्हणून ठेवून घेतात. ती म्हणाली, जो कागदावर वय खोटं सांगेल – एका दिवसाने का होईना – त्याला त्याच दिवशी परत पाठवीन. बरोबरच आहे. खोटं ते खोटं.

पण एका दिवसाने का होईना असं म्हणायला नको होतं.

५ सप्टेंबर, शुक्रवार

क्षिप्राचा फोन. एका वर्तमानपत्राची बाई तिच्यावर मोठा लेख लिहितेय, जन्मापासून आतापर्यंत. रविवारी मला फोन करणार. क्षिप्रा म्हणाली, फार बोलू नका बाबा. कारखाना सांगा, चाळ सांगा, आई शिवणकाम करायची ते सांगा. मी म्हटलं, एवढं येतं मला.

कागदावर लिहून काढलं. चाळ. कारखाना. शिवणकाम. स्कॉलरशिप. सुलेखाने इस्त्रीचा शर्ट काढून ठेवला. मी म्हटलं, सूनबाई, फोनवर कोण बघतंय? ती म्हणाली, तुम्हाला बरं वाटेल.

७ सप्टेंबर, रविवार

झालं! पस्तीस मिनिटं. जाई शेजारी बसून माझ्या बोलण्याचं इंग्रजी करत होती. बाई गोड बोलणारी. मध्ये मध्ये "लव्हली" म्हणायची. कारखाना सांगितला, चाळ सांगितली. घसा कोरडा पडला नाही. शेवटी तिने विचारलं, ती जन्मली तेव्हाच वाटलं होतं का, ही काहीतरी वेगळी आहे?

मग माझ्याने राहवलं नाही. म्हटलं, का नाही वाटणार? नवरात्रातली सातवी माळ. अरुणाच्या माहेरी, सासवडच्या पुढे, घरातच झाली. देवळात आरती चालू होती. सुईण बाहेर येऊन म्हणाली, देवीच आली घरात. मी कारखान्याच्या कपड्यांतच पोचलो होतो, हात तेलकट, म्हणून मला घेऊ देईनात. जाईने सगळं सांगितलं, अगदी तेलकट हातासकट. बाई म्हणाली, हे सगळ्यांत सुंदर.

सुलेखाने शिरा केला. मी दोनदा घेतला.

८ सप्टेंबर, सोमवार

भिंतीवरच्या दिनदर्शिकेत घटस्थापना बघत होतो. बावीस सप्टेंबर.

क्षिप्राच्या सगळ्या कागदांवर जन्मतारीख एक जून आहे. जूनमध्ये कुठलं आलंय नवरात्र!

९ सप्टेंबर, मंगळवार

निशिकांतला सांगितलं. तो ऑफिसला निघाला होता, बूट घालता घालता थांबला. म्हणाला, त्या बाईला कळायचं नाही कदाचित. मग म्हणाला, पाच मिनिटांत कळेल.

झालं होतं ते असं. निशिकांत पोटात होता, अरुणाला झेपत नव्हतं. क्षिप्रा बाराखडी म्हणायची, कोणी न शिकवता. शाळेत पाच पूर्ण लागायची. तिला चार महिने कमी. घरची जन्मलेली, ग्रामपंचायतीत नोंद नाही. गुरुजी म्हणाले, अहो, एक जून टाका ना, माझ्या वर्गात बावीस जण एक जूनचेच आहेत. त्यांनीच लिहिलं, मी सही केली. माझी तारीख तरी कुठे खरी आहे? मीही एक जूनचाच. चंद्रशेखरही एक जूनचे. गेल्या एक जूनला आम्ही दोघांनी मिळून एक केक आणला होता. आपल्यात याला खोटं कोणी म्हणत नाही. पण तिकडच्या माणसाला हे कसं सांगणार?

तिच्या जागी दुसरी एखादी मुलगी त्या वर्षी शाळेबाहेर राहिली असेल का? चाळीस पटाचा वर्ग होता. हे आजवर कधी मनात आलं नव्हतं.

आम्ही घरी तिचा वाढदिवस सप्तमीलाच करायचो. अजूनही मी सप्तमीलाच फोन करतो. एक जूनला तिला सगळं गाव शुभेच्छा देतं, मी देत नाही.

१० सप्टेंबर, बुधवार

जेवण गेलं नाही. फोन उशाशी.

११ सप्टेंबर, गुरुवार

दुपारी क्षिप्राचा फोन. तिकडे सकाळ. त्या बाईने तिच्या ऑफिसला विचारलंय – तुमचे वडील म्हणतात नवरात्र, तुमचा पासपोर्ट म्हणतो जून. खरं काय?

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. हळू बोलत होती. "बाबा, मी त्याच तारखेवर इथली नागरिक झाले. फॉर्मवर सही माझी आहे. आणि मी महिनाभर काय बोलत फिरतेय, तुम्ही ऐकलंय ना?"

मी म्हटलं, ऐकलंय. मग सांगून टाक सगळं, गुरुजींचं सांग, आपली पद्धत सांग.

"होड्यांतून येणारेही तेच सांगतात, बाबा. आमच्याकडे नोंद नव्हती, कोणीतरी लिहिलं. मी त्यांना काय उत्तर देते ते अख्ख्या देशाला माहीत आहे."

तीनशे बारा घरं हिंडलेली मुलगी माझी. तिच्या पायात मी पाय घातला. मग मला सुचलं. मीच म्हणालो, "म्हण ना, म्हातारा विसरतो. अठ्ठ्याहत्तरचा आहे. कुणाचं कुणाला जोडतो."

"नको, बाबा."

"अगं, माझं काय जातंय? मला कोण मतं देणार आहे?"

ती परत नको म्हणाली नाही. एवढंच विचारलं, "आणि त्यांनी तुम्हाला परत विचारलं तर?"

"आठवत नाही म्हणेन."

फोन ठेवल्यावर बरं वाटलं. तीन दिवसांनी भूक लागली. एवढ्या मोठ्या माणसाची अडचण मी सोडवली. सातवी पास फिटरने!

१३ सप्टेंबर, शनिवार

लेख आला. दोन पानं भरून. मधोमध फोटो – क्षिप्रा निळ्या कोटात, हनुवटी वर. अगदी अरुणा. जाईने वाचून दाखवला. गाड्या लावायचं भांडण, तीनशे बारा मतं, राजीनामा, सगळं आहे. कारखान्याचं नाव बरोबर छापलंय.

एके ठिकाणी जाई अडखळली. मी म्हटलं, वाच. तिचे वडील सिंगापूरला मुलाकडे असतात, कुटुंबाने सांगितल्याप्रमाणे त्यांची स्मृती आता क्षीण होत आहे.

निशिकांत उठून गॅलरीत गेला. सुलेखा म्हणाली, कुठल्या कुटुंबाने सांगितलं? आम्हाला नाही कोणी विचारलं. जाई रडायच्या बेतात. "आजोबांना माझ्या बसचा नंबर आठवतो, माझ्या सगळ्या टीचर्सची नावं आठवतात. आत्या असं एनीहाऊ, काहीही, कसं बोलू शकते?"

मग मी सांगितलं, बोलायला मीच सांगितलं. निशिकांत गॅलरीतूनच म्हणाला, "तिने नाही म्हणायला हवं होतं."

म्हणाली होती की. एकदा म्हणाली होती.

१५ सप्टेंबर, सोमवार

चंद्रशेखरांनी लेख वाचलाय. सगळ्या मराठी लोकांत फिरलाय म्हणे. आज माझ्याशी सावकाश, मोठ्याने बोलले, बहिऱ्याशी बोलतात तसे. "मी – चंद्रशेखर. ओळखलंत?" खिशातून अक्रोडांची पुडी काढून दिली. मेंदूला चांगले असतात.

जिभेवर आलं होतं की अहो, तुमच्या पुतण्याच्या व्हिसाची तारीखसुद्धा सांगतो. गिळलं. म्हटलं, आठवतंय थोडं थोडं. त्यांचे डोळे भरले. माणूस चांगला आहे. मला घरापर्यंत सोडायला आले, लिफ्टचा बारावा मजला त्यांनीच दाबला.

निकालाला पाच दिवस. एवढं निभवायचंच.

१८ सप्टेंबर, गुरुवार

सुलेखाने विचारलं, आज भाजी काय करू? मी म्हटलं, आठवत नाही. दोघंही हसलो. मग तिने माझी गोळ्यांची डबी उघडून बघितली.

२० सप्टेंबर, शनिवार

जिंकली!!

इथे संध्याकाळचे सहा. सगळे टीव्हीसमोर. आकडे सांगायला एक जाडा गृहस्थ आला, कागद उलटा धरला होता, मी इकडे देवाचं नाव घेत होतो. क्षिप्राला एकसष्ट टक्के. एकसष्ट! निशिकांतने मला उचलायचंच बाकी ठेवलं. तोही विसरला राग. शेजारची चिनी आजी दार वाजवून आत आली, "युअर डॉटर ऑन टीव्ही, आह!" म्हणत माझा हात हलवत राहिली. तिने चिरलेली पपई आणली होती.

मग भाषण. जाई हळूहळू सांगत होती. कर, सीमा, इस्पितळं. मग क्षिप्रा थांबली. पाणी प्यायली. म्हणाली, "माझे वडील आज इथून फार दूर आहेत. मी काय झाले ते त्यांना आता कदाचित समजणारही नाही. पण रांग मोडायची नाही, हे त्यांनीच मला शिकवलं."

सभागृह उभं राहिलं. दोन मिनिटं टाळ्या. क्षिप्राने डोळे पुसले, आणि ते खोटं नव्हतं. माझी पोर आहे, मला कळतं.

मीही उभा राहून टाळ्या वाजवल्या. सगळ्यांत शेवटी थांबलो.

२२ सप्टेंबर, सोमवार

घटस्थापना. सुलेखाने परडीत माती घालून सात धान्यं पेरली. पहिली माळ मी बांधली. गाठ घट्ट बसली. फिटरचा हात आहे.

क्षिप्रा सगळ्या वर्तमानपत्रांच्या पहिल्या पानावर. निशिकांतने सात छापून आणली. सात वर्तमानपत्रांत माझी मुलगी!

२५ सप्टेंबर, गुरुवार

क्षिप्राच्या ऑफिसातल्या कुणाचा तरी निशिकांतला निरोप. वडिलांना परक्यांचे फोन देऊ नका. घरच्या फोनवरही जपून, हल्ली कोण ऐकत असेल सांगता येत नाही. निशिकांत मला सांगायला बिचकत होता. मी म्हटलं, बरोबरच आहे. एवढ्या मोठ्या माणसाचं असंच असतं.

२८ सप्टेंबर, रविवार

उद्या फोन करायचा की नाही. करायचा नाही. ठरलं. दिवसभर आठ वेळा ठरवलं.

२९ सप्टेंबर, सोमवार

सप्तमी. दुपारी दोनला तिनेच फोन केला. तिकडे सकाळचे सात. कशी आहेस, जेवलात का, झालं.

"बाबा, आज काय आहे?"

"सोमवार," मी म्हटलं.

"हो बाबा. सोमवार."