आदल्या दिवसांचा उपास

३ फेब्रु.
प्रयोगशाळेत सोन्याच्या नॅनोकणांचा थर या खेपेला माझ्या पट्टीवर नीट बसला. रक्तातल्या अल्ब्युमिन या प्रथिनाला किती साखर चिकटली, म्हणजे मागच्या दोन-तीन आठवड्यांचा हिशेब, पट्टी सांगते. माझ्या रक्ताचा आकडा बरोबर आला. देवाची कृपा.

५ फेब्रु.
अक्का करमाळ्याहून आली. डाव्या अंगठ्याची जखम भरत नाही. मधुमेह आहे, पण शुगर दर तपासणीला नॉर्मल.
"दर बारीला पास हाय मी. तुज्यावानी गणितात नापास न्हाय."
पट्टीसाठी थेंबभर रक्त मागितलं. "घे की. इचारतो काय."

६ फेब्रु.
अक्काचा आकडा फारच वर. दुसरी पट्टी लावली. तेच. विभागप्रमुख म्हणाले, "बहिणीला सोडा, आधी पट्टी बघा."
संध्याकाळी देवापुढे म्हणालो, पट्टी खोटी निघू दे. इतकी वर्षं याच्या उलट मागत आलो.

८ फेब्रु.
नवी पेठेतल्या लॅबला अक्काचं रक्त याच तपासणीसाठी दिलं होतं. तिथेही जास्तच. पट्टी खरी. प्रमुखांचा फोन, अभिनंदन. थँक्यू म्हणालो. दुसरं काय...
जेवताना अक्काला विचारलं, पथ्य मोडतेस का.
"न्हाय बा. तपासणीच्या आदी दोन दीस उपास धरती. निस्त्या पाण्यावर. डॉक्टरम्होरं जायाचं तर रगत सोवळ्यात नगं व्हय?"
बायको हसली.
"आणि एरवी?"
"एरवी खाती की समद्यांसारखं. चा बी गोडच लागतो मला."
गावच्या दवाखान्यात फक्त त्या सकाळची साखर बघतात. ती नॉर्मलच येणार. तिला काय बोलू. सोमवार मीही धरतो.

११ फेब्रु.
सर्जन म्हणाले, अंगठा जाणार. पाऊल वाचेल का ते उघडून बघितल्यावर कळेल. अक्का ऐकत होती. बाहेर आल्यावर म्हणाली, "मग इतक्या बारीला मला पास कुनी केलं?"


१२ फेब्रु.
सकाळी अक्काला आत नेलं. स्ट्रेचरवरून माझ्याकडे बघून, "तुजं यंत्र खरं निगालं न्हवं? मग तोंड का पाडलंस, येड्या." हात धरला होता, नर्सनं सोडवला.
बाकावर बसून लिहितोय. दार बंदच आहे. बायको दोनदा चहा घेणार का विचारून गेली. नाम घेतोय, मधेच तुटतं, पुन्हा पहिल्यापासून.
पाऊल तरी राहू दे.