मॅडमचे दोन फॉर्म

३ फेब्रुवारी, मंगळवार

ठरलं! ४ ते १० एप्रिल. बेट. फक्त जोडप्यांसाठी — लहान मुलं नाहीत, सहली नाहीत, कोणाचे मामा-मावश्या नाहीत. या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायला अकरा मिनिटं. हा आकडा त्यांच्या माहितीपत्रकात नाही, मी नकाशावर पट्टी ठेवून काढला.

लग्नाला पंचवीस वर्षं होतील. तेवढ्या वर्षांत आम्ही दोघंच असे कुठे गेलो, आठवून पाहिलं. एकदा दातांच्या डॉक्टरकडे.

बायको प्रयोगशाळेतून आल्या आल्या तिला सांगितलं. दिवसभर शहराचं पिण्याचं पाणी तपासते, हाताला कसलातरी औषधी वास असतो. "बेट? अहो, पण एप्रिलमध्ये... मला जरा बोलायचंय तुमच्याशी." म्हटलं, रजेचंच ना? अर्ज मी लिहून देतो. आधी हा नकाशा बघ. बघितला. "छान आहे," म्हणाली.

५ फेब्रुवारी, गुरुवार

तक्ता सुरू केला. लिफ्टच्या तपासणीचा असतो तसाच — डावीकडे वेळ, मध्ये काम, उजवीकडे खूण करायला चौकोन. सूर्योदय ६:०९, म्हणून उठणे ५:५०. भरती-ओहोटीच्या वेळा सातही दिवसांच्या मिळवल्या. हॉटेलवाल्यांकडेही नसतील.

आमच्या वेल्डरने तक्ता पाहिला. "मास्तर, हनिमूनला निघालात की लिफ्ट बसवायला?" हसू दे. नववी नापास माणूस मी. कोणी शिकवलं नाही, मशीनचं पुस्तक समोर ठेवून एकेक शब्द लावत शिकलो. आज बेचाळीस इमारती माझ्याकडे आहेत आणि एकीचीही लिफ्ट मध्येच अडकत नाही. का? तक्ता!

८ फेब्रुवारी, रविवार

बॅगा मोजल्या. मोठी विमानात वर ठेवता येणार नाही, दीड इंचाने हुकते. ती म्हणाली, "अहो, पाच मिनिटं बसा ना, एक सांगायचंय." म्हटलं, आधी टेपचं दुसरं टोक धर. धरलं. मग मला फोन आला. राहिलं ते.

११ फेब्रुवारी, बुधवार

हॉटेलकडून 'आवडनिवड' म्हणून फॉर्म आला. बावीस प्रश्न. दोघांनी वेगवेगळा भरायचा, एकमेकांना दाखवायचा नाही — पोरखेळ सगळा. तिला कशाला त्रास, दोन्ही मीच भरले. चौदा मिनिटांत. उशी — मऊ. सकाळी — चहा. पाण्याची भीती — आहे, म्हणून खोली वाळूवरची द्या, पाण्यातल्या खांबांवरची नको. बायकोची इतकी बारीक माहिती किती नवऱ्यांना असेल?

१४ फेब्रुवारी, शनिवार

ती हातात कसलातरी कागद घेऊन खुर्चीजवळ उभी होती. मी तिला औषधांची यादी वाचायला दिली. 'बर्फाची पिशवी' विसरलो होतो, तिने सांगितलं. हुशार आहे.

१७ फेब्रुवारी, मंगळवार

बुकिंगवाल्या मुलीचा ई-मेल. "सर, मॅडमचे दोन फॉर्म आले आहेत. कुठला धरायचा?"

बुकिंगच्या वेळी बायकोचा नंबर विचारला होता. मी दिला — रकाना रिकामा ठेवायची मला सवय नाही. म्हणजे फॉर्म तिलाही गेला. आणि तिने तो भरला! माझ्याजवळ एक अक्षर बोलली नाही. त्या शहाण्या मुलीने दोन्ही फॉर्म शेजारी शेजारी लावून पाठवलेत.

बावीसपैकी तेरा चुकले. तेरा! उशी — कडक. सकाळी — कॉफी, चहा अजिबात नको. अगं, मग पंचवीस वर्षं माझ्यासमोर बसून पितेस काय? पाण्याची भीती — 'नाही. वर्षभर पोहते आहे. खांबांवरची खोली आवडेल.' मला वाटायचं, सकाळची चालायला जाते. खांद्याला पिशवी लावून कोण चालायला जातं? नुसत्या कुरकुरीवरून कुठलं बेअरिंग गेलं ते सांगणारा मी — मला एकदाही सुचलं नाही.

हेही चाललं असतं. एकविसावा प्रश्न — सहलीचं निमित्त. चार पर्याय: वाढदिवस, लग्नाचा वाढदिवस, निरोप, इतर. माझी खूण दुसऱ्यावर.

तिची तिसऱ्यावर.

१८ फेब्रुवारी, बुधवार

असा पर्याय ठेवतातच कशाला! हॉटेल आहे की स्टेशन?

चुकून बोट लागलं असेल. फोनचा पडदा लहान असतो. पण ही बाई आयुष्यभर थेंब मोजत आली आहे. तिचं बोट चुकत नाही.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आमच्या लेकीला फोन केला. इकडचं तिकडचं झालं. मग तीच म्हणाली, "बाबा, आई बोलली का तुझ्याशी?"

"कशाबद्दल?"

"तिलाच विचार ना."

म्हणजे पोरीला माहीत आहे. सासरी बसून तिला माहीत, आणि एका पलंगावर झोपून मला नाही!

आज एका इमारतीत ब्रेक दोनदा तपासला. पहिल्यांदा तपासला की नाही, आठवेना. असं आजवर झालं नव्हतं. घरी आलो तेव्हा ती आली नव्हती. तिचं कपाट उघडलं. कपडे कमी झालेत का ते बघितलं. हँगर मोजले. मग स्वतःचीच लाज वाटली आणि बंद केलं.

२२ फेब्रुवारी, रविवार

विचारलं. सरळ नाही, बावळटासारखं — "हॉटेलवाले विचारतायत, तुझा कुठला फॉर्म धरायचा."

ती भांडी पुसत होती. "कुठला म्हणजे? तुम्ही माझाही भरलात?" हसायलाच लागली. हसता हसता स्टुलावर बसली. "आणि काय काय आवडतं म्हणे मला?"

"निरोप कोणाचा?" मी म्हटलं.

हसू थांबलं. फडकं घडी करून ठेवलं तिने. चार तासांवरच्या गावी नवी प्रयोगशाळा होते आहे. तिथली प्रमुख म्हणून ही. दोन वर्षं. हाताखाली नऊ माणसं. डिसेंबरात हिने मुलाखत दिली, जानेवारीच्या शेवटी निवडीचं पत्र आलं. रुजू व्हायची तारीख यायची आहे.

"आणि मला आज कळतंय?"

"तीनदा सांगायला आले. तीनदा तुम्ही माझ्या हातात काहीतरी दिलंत."

मी म्हटलं, खोटं. ताडताड आत आलो आणि ही वही मागे उलटली. ३ तारीख. ८ तारीख. १४ तारीख. माझ्याच अक्षरात.

परत गेलो. "मला सोडून चाललीस का?" निघालं एकदाचं तोंडातून.

"अहो, नोकरीला चाललेय! सोडायचं असतं तर तुमच्याबरोबर सात दिवस बेटावर आले असते? तेही पावणेसहाला उठून?"

पाच पन्नास. पण मी दुरुस्त केलं नाही. म्हटलं, "जा मग." फार वाईट आवाजात म्हटलं.

२३ फेब्रुवारी, सोमवार

समोर चहा ठेवला तिने. स्वतःसाठी कॉफी केली.

२५ फेब्रुवारी, बुधवार

तारीख आली. ६ एप्रिलला रुजू. बेटावरचा तिसरा दिवस!

तिने पत्र माझ्यासमोर ठेवलं. "आठवडाभर पुढची मागते. नाही दिली तर नाही जात. तुम्ही एवढं सगळं केलंयत." देणार नाहीत, हे तिलाही माहीत आहे. यादीत दोन नंबरवर कोणीतरी टपूनच बसलंय.

म्हणजे मी नुसतं 'माग' म्हणायचं. एवढ्यावर ती राहील. तिच्याकडे नुसतं बघून कळत होतं, राहील. रागही धरणार नाही, आणि तेच जास्त वाईट.

खरं लिहितो, हे कोणी वाचणार नाही म्हणून — मला वाटतं, राहावं तिने.

२६ फेब्रुवारी, गुरुवार

"मास्तर, तब्येत बरी आहे ना? आज तक्त्यावर एक खूण नाही," वेल्डर म्हणाला. त्याला म्हटलं, तू तुझं वेल्डिंग बघ. मग अर्धा तास रिकाम्या लिफ्टमधून वर-खाली करत बसलो. काही बिघडलं नव्हतं.

२८ फेब्रुवारी, शनिवार

बेट रद्द केलं. माझ्या हाताने. तिला सांगितलं, ६ तारखेला जाऊन खुर्चीवर बस.

मग म्हणाली, "तुमचा तो आठवडा मोकळाच आहे ना? माझ्याकडे या की."

माझ्याकडे! मी कधीही न पाहिलेली कुठलीशी खोली, आणि तिला ती 'माझ्याकडे' म्हणते.

"किती दिवस राहाल?" तिने विचारलं.

तू सांग, म्हटलं.