दाजींच्या घोड्या आणि रामहरीचं लिंबू

पेडगाव,
गुरुवार, दुपार

तीर्थस्वरूप दाजींना पेडगावहून सिद्धोधनचा मनापासून जय भीम.

अक्काचा गुडघा आता कसा आहे? एसटीच्या वर्कशॉपमधून निवृत्त होऊन सहा वर्षं झाली तरी तुम्ही पहाटे उठून जिंतूर डेपोच्या दिशेनं कान लावता, आणि कुठल्या बसचं इंजिन कण्हतंय ते चहाआधीच अक्काला सांगता, असं ऐकतो. ते तसंच चालू राहो. इकडे आम्ही खुशाल आहोत. हे वाक्य मी रिवाज म्हणून लिहीत नाही, दाजी. दोन हात, दोन पाय, एक छाती आणि एक डोकं असा सगळा ऐवज तपासून लिहितो आहे. कारण पुढे येईलच. (फोन का केला नाही, असं विचाराल. फोनवर तुम्ही मधे बोलता. पत्रात तुमची तशी सोय नाही.)

तुम्हाला ठाऊकच आहे की येत्या रविवारी कुसुमला येलदरीचं धरण दाखवायचं ठरलं आहे. जिंतूरहून तुम्हाला आणि अक्काला घ्यायचं आणि पुढे जायचं. लग्नाला छत्तीस वर्षं झाली. या छत्तीस वर्षांत मी जिल्ह्यातल्या एकूण एक गावी भाषण देऊन आलो आणि ती घरी राहिली. शाळेतून निवृत्त झालो तेव्हा ही जुनी गाडी घेतली ती 'आता तू म्हणशील तिकडे' असा शब्द देऊन. आणि दोन वर्षं ती गाडीही भाषणांनाच गेली. समतेवर दीड दीड तास बोलणाऱ्या माणसाला हे लिहिताना लाज वाटते. कुसुमनं कधी तक्रार केली नाही. गेल्या महिन्यात एवढंच म्हणाली, "धरणाची दारं उघडली म्हंतेत. बघावं वाटायलंय." माझ्या आयुष्यात इतकं छोटं आणि इतकं बिनतोड भाषण मी ऐकलेलं नाही.

नेमका याच आठवड्यात सायलेन्सर फुटला. मागचा पट्टा सुटून नळी लोंबायला लागली आणि गाडी असा आवाज करू लागली की तिच्यापुढे मला माझा आवाज ऐकू येईना. हे मी कोणाचंही सहन केलेलं नाही. गॅरेजवाला म्हणाला, सोमवारी बघू. मी म्हणालो, माणसानं स्वतःच्या हातांनी काम करावं, हे मी चाळीस वर्षं मंचावरून सांगतो आहे, आता खाली उतरून करून दाखवतो. (खाली म्हणजे गाडीच्या खाली.)

इथे मला एक कबुली द्यायची आहे. गाडी घेतली तेव्हा लोक पेढे मागायला आले आणि तुम्ही एकटे दोन लोखंडी घोड्या घेऊन आलात. चार पाय, वर खाच, गाडी उचलली की तिच्या पोटाखाली सरकवायच्या. आणि तुम्ही माझ्याकडून पाठ करून घेतलं होतं, "जॅक उचलाया असतो सिद्धोधन, धराया न्हाई. धराया घोडी." मी वाक्य पाठ केलं. ते मी दोन भाषणांत वापरलंही, एकदा संघटनेच्या संदर्भात आणि एकदा घटनेच्या. टाळ्या पडल्या. घोड्या मात्र मी माझ्या खोलीत नेल्या, त्यांच्यावर सागवानी फळी टाकली आणि तिच्यावर पुस्तकं रचली. उत्तम बसली होती. दोनशे ग्रंथांचा भार, पण दोन वर्षांत केसभर हलली नाही. आता एका सायलेन्सरसाठी एवढा विचार जमिनीवर उतरवायचा का? मी ठरवलं, नाही. पंधरा मिनिटांचं काम आहे, जॅकवर भागेल.

तर मंगळवारी सकाळी अंगणात गाडीचा मागचा भाग जॅकवर उचलला. आमचं अंगण काळ्या मातीचं, त्यात आदल्या दिवशी पाऊस झालेला. पण मी बेफिकीर नव्हतो, दाजी. हँडब्रेक चांगला करकचून ओढला होता. (हँडब्रेक मागच्या चाकांना धरतो आणि मागची चाकं तर मी हवेत उचलली होती, हे ज्ञान मला बुधवारी झालं. तुम्ही हसाल ते आत्ताच हसून घ्या.) पुढच्या चाकांना दगड नाही, गाडी गिअरमध्ये नाही. अशा स्थितीत मी पोतं अंथरून छातीपर्यंत आत शिरलो.

तेवढ्यात शेजारचा रामहरी आला. भला माणूस आहे, अडीअडचणीला पहिला धावतो; पण त्याच्या ट्रॅक्टरला लिंबू-मिरची, बैलाच्या शिंगाला लिंबू-मिरची, आणि परवा मोबाईलच्या कव्हरमध्येही मी काहीतरी हिरवं पाहिलं. तो वाकून म्हणाला, "गुरुजी, गाडी घेतली तवाच एक लिंबू बांधलं आसतं तर नळी फुटली नसती बगा."

आता तुम्हीच सांगा. असल्या विधानाला झोपून उत्तर देता येतं का? मी प्रयत्न केला, पण सायलेन्सरकडे तोंड करून विज्ञानाची बाजू मांडता येत नाही. मी सरपटत बाहेर आलो, उभा राहिलो, धूळ झटकली आणि सुरुवात केली. कार्यकारणभावापासून सुरुवात केली. गंज म्हणजे काय, लोखंड आणि ओलावा यांचं नातं काय, लिंबू त्यात कुठे बसतं. रामहरी ऐकत होता. कुसुम दारात तांदूळ निवडत म्हणाली, "अवो, कामं सोडून कुणासंगं भांडायलाव?" पण मला रंग चढला होता. आणि तुम्हाला माझी सवय ठाऊक आहे, मुद्दा शिखरावर आला की मी समोरचं टेबल ठोकतो. टेबल नव्हतं. "निसर्गाचा नियम कुणाचीही गय करत नाही!" असं म्हणून मी डिकीवर पंजा आपटला.

नियमानं गय केली नाही. जॅक मातीत तिरका झाला, गाडी हातभर पुढे सरकली आणि धप्पकन खाली बसली. चाकं जागेवर होती म्हणून गाडीला काही झालं नाही. पण जिथे थोड्या वेळापूर्वी माझी छाती होती तिथे आता वीतभर जागा उरली होती. माझी छाती वीतभर नाही, हे तुम्ही जाणता.

कुसुमच्या हातातलं सूप खाली पडलं होतं आणि तांदूळ अंगणभर झाले होते. मग रामहरी हळूच म्हणाला, "गुरुजी, मी लिंबाचं बोललो म्हणून तुमी भाईर आलाव. लिंबानंच वाचिवलं म्हणा की!"

दाजी, सभा उधळणारे पाहिले, दगड पाहिले, मंचावर मागून खुर्ची ओढणारेही पाहिले. सगळ्यांना तिथल्या तिथे उत्तर दिलं. या लिंबाला मात्र तीन दिवस उत्तर शोधतो आहे.

कुसुम उठून माझ्या खोलीत गेली. एकेक करून दोनशे पुस्तकं खाली उतरवली, फळी भिंतीला लावली आणि दोन्ही घोड्या हातात घेऊन बाहेर आली. त्या माझ्यापुढे ठेवून म्हणाली, "पुस्तकं भुईवर बसतेत. तुमाला काय झालं तर भाषणं कोण ऐकवल मला?" आणि आत गेली. मी इतकी वर्षं समजत होतो की ती ऐकत नाही.

बुधवारी सगळं तुमच्या शिस्तीनं केलं. गाडी ढकलत विहारापुढच्या सपाट सिमेंटवर नेली (रामहरीनंच हात लावला). पुढच्या चाकांना दोन्हीकडून दगड, गाडी गिअरमध्ये, जॅक, मग दोन्ही घोड्या नेमक्या जागी, मग गाडी हळूहळू त्यांच्यावर उतरवली. दोघांनी मिळून हलवून पाहिली. नाही हलली. मगच मी आत गेलो. आणि दाजी, पक्क्या आधारावर ठेवलेल्या गाडीखाली फार समाधान असतं. थंड सावली, तेलाचा मंद वास, आणि वर एवढं वजन तुमच्यासाठी कोणीतरी निमूट धरून उभं. अर्धा तास काम केलं, पाऊण तास नुसता पडून राहिलो. कुसुम मला किती वर्षं अशी धरून उभी आहे, याचा हिशोब तिथे लागला नाही, पण प्रश्न प्रथमच पडला.

नळीचं भोक लेप लावून बुजवलं, पट्टा बसला. गाडी आता इतकी मऊ चालते की आत कुजबुजलं तरी ऐकू येतं. रविवारी मी तशीच कुजबुज करणार आहे. अक्काला नमस्कार.

तुमचा,
सिद्धोधन

ता. क. हे पत्र रामहरी घेऊन येतो आहे, त्याचं जिंतूरला काम आहे. तो तुम्हाला लिंबाची हकिकत सांगेल. ऐकून घ्या, पण मान डोलावू नका.

ता. क. २. पुस्तकं अजून जमिनीवर आहेत. डेपोच्या भंगारात घोड्यांची एखादी जोडी दिसली तर कळवावं.

ता. क. ३. खरं तर पत्र यासाठीच लिहिलं. काम झाल्यावर सिमेंटवर एक बोल्ट उरलेला सापडला. तीनदा खाली जाऊन पाहिलं, बोल्टाची कुठलीही जागा रिकामी नाही. सोबत पाठवतो आहे. कुसुमनं तो पाहिला आणि तुम्ही गाडी बघून 'हो' म्हणेपर्यंत गाडीत पाय ठेवणार नाही म्हणते. तेव्हा शनिवारच्या एसटीनं या. सहज आलो असं म्हणा. मी बोलावलं असं म्हणू नका.

(पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलंय म्हणून मी कुसुम लिहिते. भाऊजी, जय भीम. त्यो बोल्ट गाडीचा न्हाई, माझ्या शिलाई मशीनीच्या पायडलचा हाय. मीच टाकला होता. त्याबिगर यांनी तुमाला बोलिवलं नसतं, आन् तुमी बघितल्याबिगर मी यांना गाडी चालवू दिली नसती. यांना सांगू नका. शनिवारी बोल्ट तेवढा आठवणीनं आणा, मला रविवारसाठी ब्लाऊज शिवायचाय.)