पाच मिली कमी

१२ ऑक्टोबर

तीर्थरूप ताईस,

धाकट्याचा नमस्कार. इकडे सगळे मजेत. सौ.चे गुडघे कुरकुरतात, तोंड मात्र शाबूत आहे.

आधी आनंदाची बातमी. कालपासून आमच्या ऑपरेशन थिएटरच्या प्रत्येक ट्रॉलीवर हवेचा दाब मोजायचं मीटर आलं, आणि ते सगळ्यांना शिकवायचं काम माझ्याकडे. स्ट्रेचर ढकलत इथे लागलेला तुझा भाऊ काल पंधरा शिकल्यासवरलेल्या माणसांपुढे बोलत होता. तू असतीस तर म्हणाली असतीस, "ससुल्या, हात खिशातून काढ." काढले होते.

तुला सोपं करून सांगतो. भूल दिली की पेशंटच्या घशात नळी बसवतात. तिच्या टोकाला उशीसारखं फुगणारं कडं असतं. त्यात सिरिंजने हवा भरली की ते घशाला लागून बसतं आणि श्वास बाजूने निसटत नाही. नळीवर तीस मिली छापलेलं असतं, म्हणून आम्ही वर्षानुवर्षं तीस भरत आलो. ती शेवटची हद्द आहे, भरायचं माप नव्हे, हे कोणाच्या डोक्यातच आलं नाही. त्यावर माझे तिखट कान. बारीक फुस्स ऐकू आलं की मी आणखी पाच भरायचो. "याच्या कानांतून काही सुटत नाही," असं सर्जन म्हणायचे, आणि माझी कॉलर ताठ.

उन्हाळ्यात भुलीच्या नव्या डॉक्टरबाई आल्या, माझ्या लेकीएवढ्या. पहिल्याच दिवशी फुस्स झालं, मी सिरिंज उचलली.

"काका, भरू नका. काढा."

"गळतंय तिथून काढू?"

"काढून तर बघा."

पाच काढले. आवाज थांबला. जास्त फुगलेलं कडं ताठरतं, घशाच्या वळणाला धरून बसत नाही. मग बाईंनी स्वतःचं मीटर लावायला दिलं. काटा साठच्या आत राहायला हवा. पुढची नळी मी सवयीने भरली, तर तो एकशे वीसवर. त्या दिवशी माझा डबा तसाच घरी आला.

ताई, गेल्या वर्षी तुझ्या मनगटात प्लेट बसवली, तेव्हा हवा मी भरली होती. तेव्हाही फुस्स ऐकू आलं. इतरांना पाच देतो, आपल्या ताईला कमी पडायला नको, म्हणून दहा दिले.

शुद्धीवर आलीस तेव्हा जीभ बधिर होती. मग आवाज बसला. शाळेच्या मैदानाच्या टोकाला पोचणारी तुझी हाक गेली, प्रार्थनेला माईक आला. तू खडूच्या धुळीला दोष दिलास आणि मी मान डोलावली. एवढ्या दाबाने नसा दुखावतात म्हणे. तुझंही तेच का, हे बाई तपासल्याशिवाय सांगणार नाहीत. मला शंका उरलेली नाही.

आता प्लेट काढायची, तर तू "घशात नळी नको" म्हणून दुखणं सोसत बसली आहेस. बाईंशी बोललो. नुसता हात बधिर करूनही बहुतेक जमेल, आणि घसाही त्या बघतील. नळी लागलीच, तर मीटर मी धरीन. तू म्हणालीस तर दाराबाहेर बसेन.

हल्ली ऑपरेशन झालेल्या प्रत्येकाच्या खाटेशी जाऊन विचारतो, घसा कसा आहे. बहुतेक जण चहा मागतात. तेवढं ऐकलं की दिवस सोन्याचा.

काल शिकवून झाल्यावर एकाने विचारलं, "हे तुम्ही कोणाकडून शिकलात?" मी बाईंकडे बोट दाखवलं. ते अर्धंच खरं होतं.

फोन कर. पोटभर रागाव. आवाज कितीही खाली गेलेला असू दे, मला ऐकू येतो.

तुझाच,
ससुल्या